४८ किलोमीटर मारणारी गन घरात असताना बाकीच्या कशाला?

चाकण_सीएनसी:
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो मी फौजेतला नाही, चाकणला मशीनशॉपला आहे, दिवसभर शाफ्ट आणि फ्लँज, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर हसा पण उत्तर द्या. झालं असं की शिफ्टमध्ये चहाच्या वेळी एकाने अटॅग्जचा व्हिडिओ दाखवला. ट्रकमागे ओढायची तोफ, पाषाणच्या एआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या लॅबने, डिझाइन केलेली, भारत फोर्ज आणि टाटावाले बनवतात ती. २०१७ ला पोखरणला तिने ४८ किलोमीटरच्या आसपास गोळा टाकला म्हणे, आणि मार्च २०२५ ला ३०७ गनची ऑर्डर पण झाली. आपल्या पुण्याची म्हणून छाती फुगली.

मग घरी येऊन वाचत बसलो आणि डोकंच फिरलं राव. अमेरिकेकडून एम७७७ घेतल्यात १४५, त्या साध्या गोळ्याने २४ किलोमीटर मारतात, म्हणजे अटॅग्जच्या निम्म्या. कोरियाची के९ वज्र हजीऱ्याला बनते, आधी १०० घेतल्या आणि डिसेंबर २०२४ ला अजून १०० ची ऑर्डर. जबलपूरची धनुष वेगळी. जुन्या रशियन १३० एमएमला १५५ ची बॅरल बसवून शारंग केली ती वेगळी. बोफोर्स अजून आहेतच. त्यात १०५ एमएमच्या पण तोफा ठेवल्यात ज्या १७ किलोमीटरवर संपतात. आणि पिनाका रॉकेट म्हणजे अजून निराळं खातं.

आमच्या शॉपमध्ये कोणी एकाच कामाला सात कंपन्यांच्या सात मशीन आणून ठेवल्या तर मेंटेनन्सवाला त्याच दिवशी राजीनामा देईल. मग फौजेने सगळ्यात लांब मारणारी एकच पकडून हजारभर का घेऊ नये? १०५ वगैरे भंगारात का नाही जात? कोणी जाणकार असेल तर सांगा.

पोटभर_मिसळ:
सोपंय. जितक्या जास्त खरेद्या तितक्या जास्त लोकांची घरं बांधून होतात. बोफोर्स विसरलात काय.

गनर_सातारा:
मिसळवाले, ते बोलायला सोपं आहे पण उलटं झालंय. बोफोर्सचा करार १९८६ चा, ४१० गन. त्यानंतर जो बोभाटा झाला त्यात सगळे इतके हबकले की कोणी सही करायलाच तयार नाही. दक्षिण आफ्रिकेची डेनेल काळ्या यादीत, सिंगापूरवाले काळ्या यादीत, ट्रायल होतात, फाईल फिरते, परत ट्रायल. २०१६ च्या नोव्हेंबरात एम७७७ चा करार झाला तोवर तीस वर्षं नवी १५५ एकही घेतली नाही. खाल्ल्यामुळे गनचे प्रकार वाढले असं नाय, न घेतल्यामुळे जुनं जुनं सांभाळत बसलो आणि मग एकदम सगळीकडून भरती. शारंग काय हौस म्हणून नाही केली. ते पैसे वाचवायचं काम होतं, गाडा तोच ठेवून बॅरल बदलली.

आता चाकणकर तुझ्या प्रश्नाकडे. मी तोफखान्यात २४ वर्षं काढली, मीडियम रेजिमेंटला होतो, हवालदार म्हणून घरी आलो. तुझं मशीनशॉपचं उदाहरण चांगलं आहे पण चुकलंय. तुझ्याकडे लेथ पण आहे, ड्रिल पण आहे आणि ग्राइंडर पण आहे ना? त्या सगळ्याच मशीन लोखंडच कापतात. मग सगळ्यात मोठी एकच घेऊन का नाही बसलास?

गन कुठली घ्यायची हे ठरवताना साहेब लोक आधी विचारतात की ही कोणाच्या मागे उभी राहणार. राजस्थानात रणगाड्यांच्या मागे, का अरुणाचलात पायी चढणाऱ्या पलटणीच्या मागे. रणगाडे एकदा सुटले की थांबत नाहीत, आणि ओढायची गन ट्रकमागे, वाळूत ट्रक फसला की गन पण फसली, बाहेर काढेपर्यंत रणगाडे कुठल्या कुठे. म्हणून तिथं वज्र, स्वतःच्या पट्ट्यांवर चालणारी, हजार हॉर्सपॉवरचं इंजिन, आतल्या माणसांना चिलखत, थांबली की पंधरा सेकंदात तीन गोळे आणि लगेच निघाली. तिचं वजन पन्नास टनांच्या घरात. आता हीच वज्र तवांगच्या रस्त्यावर नेऊन दाखव मला.

दुसरं, लांबी म्हणजे सगळं नाही. १३० एमएम रशियन गन २७ किलोमीटर मारायची, आमच्या काळात तेवढं म्हणजे लय होतं, मैदानात पाकिस्तानला तिची धास्ती होती. पण तिची बॅरल ४५ डिग्रीच्या वर उठत नाही. डोंगरात शत्रू धारेच्या पलीकडच्या उतारावर बसलेला असतो, गोळा वर जाऊन डोक्यावर पडायला पाहिजे, त्याला बॅरल ६० ६५ डिग्रीला उभी करावी लागते. बोफोर्स ७० पर्यंत उठते. कारगिलला हा फरक लोकांना नीट कळला. आणि तिथं उंचीमुळे हवा पातळ, बोफोर्सचा गोळा एरवीपेक्षा लांब जायचा, तो फायदा फुकटचा, पण त्याचबरोबर रेंज टेबल, म्हणजे अंतराचे तक्ते, सगळी नव्याने धरावी लागली कारण थंडीने चार्जचं, म्हणजे गोळा ढकलणाऱ्या बारुदाचं, वागणं पण बदलतं. मैदानातले आकडे तिथं तसेच्या तसे चालत नाहीत.

आणि तिथं बोफोर्सने जे केलं ते पुस्तकात नव्हतं, गन पुढे आणून सरळ नजरेच्या टप्प्यात ठेवली आणि डायरेक्ट फायर, बंकरच्या तोंडावर. तोलोलिंग, टायगर हिल. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखाच्या वर गोळे, मॉर्टर बॉम्ब आणि रॉकेट टाकली. पिनाकाचा नमुना पण तिथंच पहिल्यांदा वापरला, तो तेव्हा पूर्ण झाला पण नव्हता. पॉइंट ५१४० ला २०२२ मध्ये गन हिल नाव दिलं ते उगाच नाही.

बाकी संध्याकाळी लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

खारदुंगला_रिटर्न:
काका एक नंबर. मी फौजी नाही, बुलेटवाला आहे, दोनदा लडाख झालंय. चाकणकर, तू पुढच्या वेळी डोंगरात गेलास की पुलाच्या अलीकडचा पिवळा बोर्ड बघ. लोखंडी बेली पूल असतो, खाली नदी खळखळतेय, आणि बोर्डावर लिहिलेलं असतं १८ टन, कुठे २४ टन, एका वेळी एकच गाडी. आम्ही तिथं उभं राहून सेल्फी काढतो पण फौजेच्या दृष्टीने तो बोर्डच ठरवतो की पलीकडे काय जाणार. अटॅग्जचं वजन १८ टनांच्या आसपास आणि तिला ओढणारा सहा चाकी ट्रक वेगळा. दोघं मिळून त्या बोर्डाची थट्टाच. बीआरओ, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणारे, आता क्लास ७० चे पूल बांधतंय ठिकठिकाणी, म्हणजे सत्तर टनाचं वाहन जाईल असे, पण सगळीकडे झालेले नाहीत.

फक्त काकांचं एक खोडतो, रागावू नका. वज्र डोंगरात जात नाही हे अर्धं खरं आहे. २०२० नंतर, गलवान झाल्यावर, फौजेने वज्र पूर्व लडाखला नेऊन बघितली आणि २०२१ ला तिथं अख्खी रेजिमेंट लावली, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल नरवणे स्वतः बोलले होते त्यावर. कारण पूर्व लडाख म्हणजे आपल्या डोक्यातला डोंगर नाही, ते पठार आहे. चुशूलकडे गेलात तर दहा दहा किलोमीटर सपाट, गाडी कुठेही वळवा. चौदा हजार फुटांवरचं राजस्थानच ते, फक्त वाळूच्या जागी दगड आणि उन्हाच्या जागी उणे तीस. तिथं चीनचे पण रणगाडे आहेत आणि आपले पण. म्हणजे एकाच शत्रूसमोर, एकाच सीमेवर, पश्चिमेला वज्र चालते आणि पूर्वेला अरुणाचलात चालत नाही.

गनर_सातारा:
रागावतो कशाला, बरोबर बोललास. मी निवृत्त झालो तेव्हा वज्र आलेलीच नव्हती, आणि माझ्या डोक्यातला लडाख म्हणजे द्रास आणि बटालिक. तिथं चढणच चढण. खोडलेलं मान्य.

चाकण_सीएनसी:
काका आणि रिटर्न भाऊ, भारी माहिती. वजनाचा मुद्दा डोक्यात घुसला. मग उलटं विचारतो, हलकीच जर सगळीकडे जाते तर एम७७७ च सगळीकडे का नाही? सव्वाचार टन फक्त, चिनूक हेलिकॉप्टरला लटकवून नेतात, डोंगरात पण जाईल, मैदानात पण जाईल.

गनर_सातारा:
हां. आता मशीनशॉपवाल्याला शोभेल असा प्रश्न. ती हलकी का आहे? टायटॅनियम. तू टायटॅनियम कापलंय का कधी? मग भाव तुला माहीत असेल. १४५ गनला ७३७ मिलियन डॉलर, म्हणजे सुटे भाग, ट्रेनिंग सगळं धरून एका गनला पन्नास लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने तीस-पस्तीस कोटी. अटॅग्जचा करार बघ, ३०७ गन आणि वर ३२७ ओढायची वाहनं, सगळं मिळून साधारण ६९०० कोटी, म्हणजे जोडीला बावीस साडेबावीस कोटी. म्हणजे लहान, हलकी, कमी लांब मारणारी गन महाग पडली. आणि वज्रच्या नव्या १०० गनला ७६२९ कोटी, एकेक ७६ कोटीची. एका वज्रमध्ये तीन अटॅग्ज ट्रकसकट येतात. आता साहेबाच्या खुर्चीत बसून तूच ठरव कुठे काय पाठवायचं.

दुसरं, हलक्या गनला बॅरल छोटी. एम७७७ ३९ कॅलिबरची, म्हणजे १५५ एमएमच्या ३९ पट, सहा मीटर. धनुष ४५, म्हणजे सात मीटरला जरा कमी. अटॅग्ज आणि वज्र ५२, आठ मीटर. बॅरल लांब तेवढा गॅस गोळ्याला जास्त वेळ ढकलतो, गोळा लांब जातो, पण मग धक्का सोसायला गाडा दणकट पाहिजे, आणि दणकट म्हणजे परत वजन. तुला फुकटात काही मिळत नाही यात. अटॅग्जची बारूद भरायची खोली, म्हणजे चेंबर, पण २५ लिटरची केलीय, जगात ५२ कॅलिबरला साधारण २३ लिटर असते, म्हणून ती जास्त बारूद घेते आणि लांब टाकते. पण तेवढा दाब बॅरलने झेलायला पाहिजे. २०२० ला पोखरणला ट्रायलमध्ये अटॅग्जची बॅरल फुटली होती, माणसं जखमी झाली, त्यात वेळ गेला. त्याआधी २०१७ ला एम७७७ ची पण फुटली होती तिथंच. तेव्हा आकडा बघून टाळ्या वाजवायच्या आधी बॅरलचा पण विचार करावा.

आणि हलकेपणाची हौस आपल्याकडे जुनी आहे बरं. आपल्या तोफखान्याचा जन्मदिवस २८ सप्टेंबर १८२७, बॉम्बे फौजेतली गोलंदाजांची कंपनी, तीच पुढे ५ बॉम्बे माउंटन बॅटरी. माउंटन बॅटरी म्हणजे गन सुटी करायची, खच्चरांच्या पाठीवर एकेक तुकडा, वर नेऊन परत जोडायची. चीनच्या लढाईनंतर पण आपण अशी सुटी होणारी ७५ एमएमची हॉवित्झर बनवली होती. चिनूक हे त्या खच्चराचंच पुढचं बाळ.

पोटभर_मिसळ:
काका आधीची कमेंट मागे घेतो. खच्चराचं पुढचं बाळ 😂

भद्रावतीची_लेक:
सगळे गनबद्दलच बोलून राहिले, गोळ्याबद्दल कोणी काही बोलेना. माझे बाबा चांद्याच्या आयुध कारखान्यात होते, आम्ही क्वार्टरमध्येच वाढलो, त्यामुळे आमच्याकडे गनचं कौतुक कमी आणि शेलचं जास्त. १५५ च्या शेलचं रिकामं शरीर नागपूरला अंबाझरीत बनतं, आमच्याकडे चांद्याला येऊन भरलं जातं. पिनाकाचं रॉकेट पण अंबाझरीचंच, त्याचे पॉड, म्हणजे रॉकेट भरायच्या पेट्या, भुसावळचे, लाँचर तळेगावला एल अँड टीचे. म्हणजे चाकणकर, तुझ्या दारापासून विदर्भापर्यंत हा सगळा पसारा आहे, फक्त कोणाला दिसत नाही.

तर तुझ्या सात मशीनच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर गोळ्यात आहे. १९९९ ला फौजेने तोफखान्याचा एक मोठा प्लॅन केला, त्याचा गाभाच हा की हळूहळू सगळं १५५ वर आणायचं. गन सात प्रकारच्या असल्या तरी चालतात हो, पण गोळा एकच पाहिजे. बोफोर्स, धनुष, शारंग, एम७७७, वज्र, अटॅग्ज या सगळ्या १५५ च. पूर्वी १०५ चा वेगळा साठा, १३० चा वेगळा, १५५ चा वेगळा, आणि कारगिलसारख्या वेळी जे पाहिजे ते नेमकं कमी आणि जे नको ते गोदामात पडून. शारंग केली त्यात हाच फायदा, १३० चा गोळा बनवायची कटकट कमी झाली. तुझ्या भाषेत सांगायचं तर मशीन सात असू दे, इन्सर्ट, म्हणजे कापायचं टोक, एकच बसायला पाहिजे.

आणि वजनाचा हिशेब कोणी केला नाही तो मी करते, बाबांनी मला पाचवीत असताना करायला लावला होता. १५५ चा एक गोळा ४५ किलो धर. एका रेजिमेंटला १८ गन. एकेका गनने दिवसाला शंभर गोळे टाकले तर अठराशे गोळे, म्हणजे ८१ टन. त्यात चार्ज नाही, फ्यूज नाही, पेटीचं लाकूड नाही. पाच टनाचा ट्रक असेल तर सोळा सतरा ट्रक रोज, एका रेजिमेंटला, आणि तो रस्ता शत्रूला दिसतोय. कारगिलला श्रीनगर लेह रस्ता द्रासजवळ त्यांच्या ओपीला, म्हणजे टेहळणीच्या चौकीला, वरून स्वच्छ दिसत होता, तोच तर सगळा घोळ होता. १०५ चा गोळा पंधरा सोळा किलोचा. एका ट्रकमध्ये तिप्पट. म्हणून १०५ ला भंगार म्हणण्याआधी जरा थांब.

पिनाकाचं पण तेच. एक लाँचर ४४ सेकंदात बारा रॉकेट सोडतो. सहा लाँचरची बॅटरी, म्हणजे पाऊण मिनिटात बहात्तर. बघायला दिवाळी. पण नंतर लाँचर रिकामा, पॉड बदला, जागा बदला. पलटण तासभर म्हणतेय की माझ्या पुढे गोळे पडत राहू दे तर पिनाका ते करू शकत नाही, आणि आपल्या माणसांच्या अगदी पुढ्यात साधं रॉकेट टाकायची हिंमत पण कोणी करत नाही, ते पसरतं. ते लांबच्या मोठ्या टार्गेटला, दारूगोळ्याचा साठा, गाड्यांचा जमाव, शत्रूची गन पोझिशन. आता गायडेड आलंय ७५ किलोमीटरचं, ते नेमकं जातं, पण महाग पडतं. फेब्रुवारी २०२५ ला पिनाकाच्या दारूगोळ्याचाच दहा हजार कोटींच्या वरचा करार झाला, नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज आणि म्युनिशन्स इंडियाबरोबर. अटॅग्जच्या सगळ्या गनपेक्षा जास्त पैसे नुसत्या रॉकेटला. यावरून समजून जा.

चाकण_सीएनसी:
ताई इन्सर्टचं उदाहरण थेट काळजात. आता आमच्या चहाच्या ग्रुपवर हेच टाकणार.

क्राकुवहून_नितीन:
मी पोलंडला असतो, आयटीवाला, पण इथं हा विषय घराघरात आहे कारण युद्ध शेजारी चालू आहे. पोलंडने २०२२ ला कोरियाकडून २१२ के९ घेतल्या, म्हणजे आपल्या वज्रचीच बहीण, आणि ओढायच्या गनचं नाव पण काढलं नाही. का? नकाशा बघा, वॉर्सापासून पूर्वेला सरळ मैदान, रस्ते पूल सगळं जड वाहनांचं, समोर रशियाचे रणगाडे. त्यांचं काम एकच आहे त्यामुळे उत्तर पण एकच. फ्रान्सचं उलटं. त्यांना माली, अफगाणिस्तान अशा लांबच्या ठिकाणी थोडकी फौज पाठवायची असायची म्हणून ट्रकवर बसवलेली सीझर, अठरा टनांच्या आसपास, विमानात घालून नेता येते, उतरली की स्वतः चालत जाते. आणि अमेरिकन मरीनचं तर अजून टोकाचं. २०२० ला त्यांनी ठरवलं की आपलं काम आता पॅसिफिकच्या बेटांवरून जहाजं बुडवायचं, म्हणून तोफांच्या २१ बॅटऱ्यांवरून ५ वर यायचं आणि पैसा रॉकेट, मिसाइलमध्ये टाकायचा. त्यांच्याकडे एम७७७ च होत्या, आपण ज्या हौसेने घेतल्या त्याच.

माझं म्हणणं जरा कडू लागेल पण युक्रेन बघून मला वाटतं ओढायच्या गनचे दिवस भरले. एम७७७ तिथं बऱ्याच गेल्या, रशियाचं लान्सेट ड्रोन वरून बघतं, घिरट्या घालतं आणि गनवरच येऊन पडतं. ओढायची गन बंद करून ट्रकला जोडून निघायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात काम तमाम. सीझर दोन तीन मिनिटांत मारून पसार. मग आपण २०२५ ला ३०७ ओढायच्या गन का घेतो? ट्रकवरच्या का नाही?

गनर_सातारा:
नितीनराव, पहिल्या भागाशी शंभर टक्के सहमत, पोलंडचं एकच काम म्हणून एकच गन, हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. आपल्या फौजेला वाळू, पंजाबचे कालवे, सियाचेनचा बर्फ, लडाखचं पठार, सिक्कीम, अरुणाचलचं जंगल हे सगळं एकाच वर्दीत बघायचंय, त्यात आपली रडकथा.

ट्रकवरच्या गन येतायत. आपल्या नगरच्या व्हीआरडीईनेच, म्हणजे डीआरडीओच्या गाड्यांच्या लॅबने, अटॅग्ज आठ चाकी ट्रकवर बसवून दाखवलीय. पण ओढायच्या गनचे दिवस भरले हे मी अजून मानायला तयार नाय. मैदानात उघड्यावर गन ठेवली तर ड्रोन मारणारच, तिथं तुमचं खरं. डोंगरात गन ठेवायची जागाच मुळी कपारीत असते, धारेच्या आड, वर जाळी, बाजूला संगर, म्हणजे दगड रचून केलेला आडोसा. आणि ट्रकवरची गन जिथं जाते तिथं रस्ता पाहिजे, एकच रस्ता असला की ती पळून पळून जाणार कुठे? मागे नाहीतर पुढे. ड्रोनवाल्याला तर सोपंच की, रस्त्यावर नजर ठेवली की झालं. ट्रक पण वीस तीस टनाचा, परत तो पिवळा बोर्ड. ओढायची गन स्वस्त पडते, इंजिन बिघडलं तर ट्रक बदलता येतो, वज्रचं इंजिन बसलं तर गन पण बसली.

खरी गोष्ट अशी की गन कुठली यापेक्षा गनला कोण सांगतंय की कुठे मारायचं, यात जास्त फरक पडतो. कारगिलला आपल्याकडे समोरच्याची गन शोधणारं रडार नव्हतं. त्यांचे गोळे पडायचे आणि आम्ही आवाजावरून, खड्ड्यावरून अंदाज करत बसायचो. नंतर अमेरिकेचं आलं, मग आपलं स्वाती आलं, आर्मेनियाने पण ते घेतलं. आज माझ्या जागी जो पोरगा आहे त्याच्याकडे ड्रोन पण आहे. आपली पण रेजिमेंट आता बदलतीय, २०२५ च्या कारगिल दिवसाला लष्करप्रमुखांनी द्रासला सांगितलं की दिव्यास्त्र बॅटऱ्या आणि शक्तिबाण रेजिमेंट उभ्या करतोय, त्यात ड्रोन, लॉइटरिंग म्युनिशन (घिरट्या घालून टार्गेटवर पडणारी) सगळं तोफखान्याकडेच. तेव्हा दहा वर्षांनी मी खोटा पडलो तर पडलो.

क्राकुवहून_नितीन:
एकच रस्ता असेल तर पळणार कुठे, याचा विचार नव्हता केला. पण मैदानासाठी तरी मी माझ्या मतावर ठाम. पंजाबात ओढायची गन ठेवून ड्रोनची वाट बघत बसणं मला पटत नाही.

गनर_सातारा:
पंजाबापुरतं मी भांडत नाय.

आता चाकणकर, एवढं सगळं वाचलंस तर तुझी परीक्षा. देवळालीला, तोफखान्याच्या शाळेत, आमचे उस्ताद जमिनीवर वाळूचा नकाशा करून असंच विचारायचे आणि चुकलं की पळायला लावायचे, तुला पळवत नाही. ऐक. अरुणाचलात एक खोरं आहे, नाव मनातलं समज. आत जायला एकच रस्ता, अरुंद, वळणं आवळलेली, मध्ये एक बेली पूल, बोर्ड १८ टन. आपली पलटण वर धारेवर बसलीय. समोर, आपल्या गनच्या जागेपासून चौदा किलोमीटरवर, दुसऱ्या धारेच्या पाठीमागे उघड्यावर शत्रूचे मॉर्टर लागलेत आणि पलटणीला त्रास देतायत. बंकर वगैरे नाही, नुसते खड्डे खणलेत. तुझ्याकडे हेलिकॉप्टर मागायची सोय आहे. काय पाठवशील?

चाकण_सीएनसी:
सोप्पंय काका. वज्र बाद, अटॅग्ज बाद, पुलावरून जाणार नाहीत. धारेच्या पाठीमागे आहेत म्हणजे बॅरल उभी करता आली पाहिजे. हेलिकॉप्टर आहे म्हणता. एम७७७, चिनूकला लटकवून, सहा गनची बॅटरी. पास?

गनर_सातारा:
नापास. अर्धे मार्क देतो, बॅरलचं लक्षात ठेवलंस म्हणून.

चिनूकने सहा गन म्हणजे सहा फेऱ्या. मग भद्रावतीच्या ताईचं गणित कर. गनला शंभर गोळे म्हटले तर साडेचार टन, वर चार्ज, म्हणजे गोळ्यांनाच अजून सहा फेऱ्या आणि वर एक दोन. आणि ते फक्त पहिल्या दिवसाचं. त्या उंचीवर हेलिकॉप्टर मैदानाएवढं वजन उचलत नाही, आणि अरुणाचलात दुपारी ढग उतरले की उडतच नाही, दोन दोन दिवस. गन वर, गोळे खाली, आणि पलटण वायरलेसवर तुझ्या नावाने शिव्या घालतीय. देशात एम७७७ किती? १४५. त्यातल्या सहा तू अशा ठिकाणी अडकवल्यास जिथं रस्ता होता. जिथं रस्ताच नाही तिथल्या पलटणीने कोणाकडे बघायचं?

तुझ्या भंगाराकडे बघ. १०५ ची लाइट फील्ड गन. वजन अडीच टनाच्या आत. छोट्या ट्रकमागे त्या वळणांवरून जाते, पुलाला कळत पण नाही. टार्गेट चौदा किलोमीटर, ती सतरा जाते, आणि उंचीवर अजून थोडं जास्तच. बॅरल सत्तरच्या वर उभी होते, धारेपलीकडे गोळा टाकते. उघड्यावरच्या मॉर्टरला पंधरा किलोचा गोळा पुरतो. आणि एका ट्रकमध्ये गोळे तिप्पट.

चाकण_सीएनसी:
आईशप्पथ. म्हणजे ज्या गनला मी पहिल्या पोस्टमध्ये भंगार म्हणालो तीच.

खारदुंगला_रिटर्न:
पिवळा बोर्ड झिंदाबाद.

गनर_सातारा:
थांबा, हुरळून जाऊ नका. आता तेच खोरं, तोच पूल, तेच चौदा किलोमीटर. पण दोन महिने गेले, आणि त्या मॉर्टरवाल्यांनी वर काँक्रीटचं छत टाकून पक्के बंकर केलेत. कारगिलला १०५ चे गोळे दगडी संगरांवर आपटून नुसती धूळ उडवत होते हे लक्षात ठेव. आणि पावसाळा सुरू झालाय, हेलिकॉप्टर मिळालं तर आठवड्यातून एखाद दिवस. सांग आता.

चाकण_सीएनसी:
काका उद्या सेकंड शिफ्ट आहे, घरी जाताना बसमध्ये विचार करतो. एक विचारू, एम७७७ ट्रकमागे ओढून पुलावरून नेली तर चालेल का? सव्वाचार टनच तर आहे.

गनर_सातारा:
वळणाची त्रिज्या किती आहे ते विचारलंस का मला? ओढताना ती दहा मीटरच्या आसपास लांब होते. विचार बसमध्ये.